पुढचे यंत्र कोणते? : संगणकांच्या मॉडेल-क्रमाविषयीच्या अटकळींची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकाचे नवे मॉडेल बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ते चर्चेत येते. कोणते आधी येणार, कोणते मागाहून, मधला एखादा क्रमांक वगळला जाणार काय, असे तर्क मासिकांतून, दुकानांतून, वसतिगृहाच्या खोल्यांतून आणि आपल्या प्राध्यापक-कक्षातूनही लढवले जातात. या अटकळींकडे करमणूक म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे अनुमानाचा एक प्रकार म्हणून पाहावयाचे आहे. अनुमान म्हटले की त्याला हेतू असावा लागतो आणि तो तपासता येतो. तर्कशास्त्राच्या वर्गात आपण धुरावरून अग्नी सिद्ध करतो. येथे धूर कोणता, अग्नी कोणता आणि दोहोंची व्याप्ती खरोखर सिद्ध झाली आहे काय, हा आपला प्रश्न आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण साधे आहे. अटकळीवर विसंबून घेतलेले निर्णय महागात पडतात, आणि त्यांची किंमत बहुधा अटकळ बांधणाऱ्याला मोजावी लागत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

नाशिककराला क्रमाचे भाकीत नवे नाही. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. २००३, २०१५ आणि त्यानंतर २०२६ ते २०२८ हा काळ अशी त्याची मांडणी एखादे मूल बोटावर मोजूनही सांगू शकेल. गुरूची सूर्याभोवतीची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची आहे आणि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, म्हणून पर्वकाळाची गणिते दशकभर आधी मांडता येतात. येथे भाकिताच्या मागे नियम आहे. संगणकाच्या मॉडेलांमागे असा नियम असल्याचा भास होतो, कारण त्यांच्या अंगावर आकडे असतात. त्या आकड्यांपासूनच सुरुवात करू.

आकडा काय सांगतो?

यंत्राच्या नावातील आकडा दोन प्रकारचे काम करू शकतो. तो यंत्राचे वर्णन करतो किंवा यंत्राचे स्थान सांगतो. क्रे या अमेरिकी कंपनीच्या एक्स-एमपी मालिकेतील आकडे पहिल्या प्रकारचे होते. पहिला अंक प्रोसेसर किती ते सांगे, दुसरा अंक स्मृती किती दशलक्ष शब्दांची ते सांगे. म्हणजे एक्स-एमपी/२४ मध्ये दोन प्रोसेसर आणि चार दशलक्ष शब्दांची स्मृती, तर एक्स-एमपी/१४ मध्ये प्रोसेसर एकच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारताने हवामानाच्या अंदाजासाठी या मालिकेतील मोठे यंत्र मागितले आणि निर्यात-परवान्याच्या वाटाघाटींनंतर हाती आले ते एक्स-एमपी/१४. दोन आकड्यांतील हा फरक वाचता येणाऱ्याला काय नाकारले गेले ते अचूक कळत होते. वर्णन करणाऱ्या आकड्याचा हा गुण आहे की तो खोटी आशा लावत नाही.

दुसऱ्या प्रकारचा आकडा मात्र शर्यतीतील धावपटूच्या पाठीवरील क्रमांकासारखा असतो. आपण तो पाहतो आणि त्यावरून धावपटूचा वेग ठरवतो. अ‍ॅपल कंपनीचे उदाहरण घ्या. अ‍ॅपल दोन हे यंत्र १९७७ मध्ये आले आणि अ‍ॅपल तीन १९८० मध्ये. या दोन बिंदूंवरून रेघ ओढणारा कोणीही पुढचे यंत्र 'चार' असेल असेच म्हणाला असता. प्रत्यक्षात १९८३ च्या जानेवारीत अ‍ॅपल दोन-ई आले, पुढे दोन-सी आले, दोन-जीएस आले. 'तीन' १९८४ मध्ये बंद पडले आणि त्याचे थोरले भावंड मात्र दोन-ईच्या रूपाने १९९३ पर्यंत विकले जात राहिले. धाकटा आधी गेला आणि थोरल्याला पुन्हा पालवी फुटली, अशी ही वंशावळ आहे.

आयबीएमची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८१ चा पीसी, १९८३ चा एक्सटी, १९८४ चा एटी या क्रमाने जग इतके सरावले होते की इंटेलचा ३८६ प्रोसेसर बसवलेले पुढचे यंत्रही आयबीएमच आणणार, हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. ते १९८६ च्या सप्टेंबरात कॉम्पॅकने आणले. आयबीएमचे ३८६ यंत्र १९८७ च्या एप्रिलमध्ये पीएस/२ मालिकेसोबत आले, आणि त्या मालिकेतही ३०, ५०, ६०, ८० हे क्रमांक आधी जाहीर होऊन २५ क्रमांकाचे मॉडेल त्याच वर्षी मागाहून आले. या ठिकाणी अटकळीची चूक क्रमाची नव्हती. पुढचे पाऊल ३८६ चे असणार हे बरोबर होते. चूक होती ती पाऊल कोणाचे असेल या गृहीतकात. क्रमाची चर्चा करताना आपण कर्त्याला स्थिर मानतो आणि क्रियेवरच वाद घालत बसतो, हा दोष मला या सर्व लेखनात वारंवार आढळतो.

आकडा नाहीसा होण्याचीही कारणे तांत्रिक असतातच असे नाही. ४८६ नंतर ५८६ येईल हे शाळकरी पोरानेही सांगितले असते. परंतु ३८६ या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मान्य करण्यास अमेरिकी न्यायालयाने १९९१ मध्ये नकार दिला आणि १९९२ मध्ये इंटेलने पाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'पेंटियम' हे नाव घेतले. मालिकेचा पुढचा अंक कायद्याने गिळला. ज्याने केवळ प्रोसेसरचा अभ्यास केला होता त्याला हे भाकीत करणे शक्य नव्हते. ते एखाद्या वकिलाला कदाचित करता आले असते.

'परम'ची मालिका : एक फसवा पुरावा

आपल्या जवळचे आणि म्हणून अधिक बारकाईने पाहण्यासारखे उदाहरण पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे आहे. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. महासंगणक बाहेरून सहजासहजी मिळणार नाहीत हे स्पष्ट झाल्यानंतर देशातच ते उभारण्याचे काम तिच्याकडे आले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे टी८०० जातीचे ट्रान्सप्यूटर होते. अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून एकच मोठे काम वाटून घ्यावयाचे, ही त्याची रीत. पंगतीत एकच वाढपी असण्याऐवजी चौसष्ट वाढपी असावेत आणि कोणी कोणाच्या पायांत येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. अवघड भाग वाढप्यांची संख्या हा नसून पायांत न येणे हा असतो, हे लग्नघरात राबलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

यापुढचा क्रम असा आहे : परम ८६००, मग १९९४ मध्ये परम ९०००, मग १९९८ मध्ये परम १००००. वाचकाने क्षणभर १९९३ सालच्या एखाद्या जाणकाराच्या जागी स्वतःला ठेवावे. परम ८००० मध्ये टी८०० आहे. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० घेतलेला आहे. आठशेवरून आठ हजार आणि आठशे साठवरून आठ हजार सहाशे. यंत्राचा आकडा आतल्या प्रोसेसरच्या आकड्याशी जुळतो असे दिसते. आणि नेमका याच काळात इन्मॉसचा पुढचा ट्रान्सप्यूटर येऊ घातलेला आहे. त्याचे नाव टी९०००. मग परम ९००० मध्ये काय असेल? दोन दाखल्यांवरून बांधलेली व्याप्ती, तिसऱ्या दाखल्याची वाट पाहणारे मन, आणि समोर ठेवल्यासारखा तो आकडा. या अनुमानाला कोण नाकारील? (नावे खरोखर याच रीतीने ठेवली गेली होती, असा माझा दावा नाही. दोन आकड्यांचे साम्य डोळ्यांत भरते, एवढेच.)

परम ९००० मध्ये सनच्या कुळातील सुपरस्पार्क प्रोसेसर होता. टी९००० अपेक्षित वेग गाठू शकला नाही, लांबत गेला आणि अखेर सोडून देण्यात आला. आकड्यांचे साम्य पकडून बसलेल्या जाणकाराचे भाकीत कोसळले असते. मात्र जो इन्मॉसच्या अडचणींकडे आणि बाजारात प्रत्यक्ष मिळणाऱ्या प्रोसेसरांकडे पाहत होता, त्याला निदान दिशा तरी दिसू शकली असती. हे उदाहरण मी वर्गात अनेकदा देतो, कारण चुकीचे अनुमान किती सुबक दिसू शकते हे त्यातून चांगले कळते. त्याच्यात सर्व काही होते. फक्त आकडा आणि यंत्र यांच्यात कार्यकारणाचा दुवा नव्हता.

परम १०००० नंतर आकडेच थांबले. 'परम पद्म' आला आणि २००३ च्या जूनमधील जगातील पाचशे वेगवान यंत्रांच्या यादीत तो १७१ वा होता. २००८ मध्ये 'परम युवा', २०१३ मध्ये 'युवा दोन'. त्यानंतर राष्ट्रीय महासंगणन अभियानाचा काळ सुरू झाला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या या अभियानाचा खर्च ४,५०० कोटी रुपये होता आणि देशभर सत्तरांहून अधिक यंत्रे उभारण्याचे उद्दिष्ट होते. त्यातून वाराणसीला 'शिवाय' (२०१९), पुण्याच्या आयसरमध्ये 'ब्रह्म', पुढे 'सिद्धी', 'प्रवेग', 'गंगा' आणि २०२४ च्या सप्टेंबरात 'रुद्र' अशी नावे आली. आता क्रम कशावरून ओळखावा? ब्रह्मानंतर विष्णू येतो काय? शिवाय आणि रुद्र हे एकच दैवत असता त्यांच्यात थोरले कोण? नावे मंगल आहेत, उच्चारायला भारदस्त आहेत, परंतु त्यांतून क्षमता कळत नाही आणि क्रमही कळत नाही. यंत्राच्या पाटीवरून त्याविषयी काहीच निष्पन्न होत नाही, ही अवस्था माझ्या मते १९९० च्या दशकातील आकड्यांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. निदान ती फसवत तरी नाही.

नावातला क्रम कसा हुलकावणी देतो याचे पुण्यातच आणखी एक उदाहरण आहे. टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेले यंत्र २००७ च्या नोव्हेंबरात जागतिक यादीत चौथ्या स्थानी आले. त्याचा नोंदलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स होता. खाजगी पैशातून उभे राहिलेल्या भारतीय यंत्राने ही जागा मिळवावी, ही मोठी गोष्ट होती. त्याचे नाव होते 'एका', म्हणजे संस्कृतातला 'एक'. ज्याचे नाव एक आहे त्याच्या मागून दोन, तीन यावेत ही अपेक्षा नावातच पेरलेली असते. परंतु 'द्वि' नावाचे यंत्र ऐकिवात आले नाही, आणि ती कंपनीही पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये गेली. एक म्हणजे पहिला की एकमेव, हा संस्कृतातला जुनाच प्रश्न आहे. तो येथे इतिहासाने सोडवला.

सूर्याची नावे आणि द्राक्षाचा घड

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील यंत्रांच्या नावांवरून एका विद्यार्थ्याने मला मोठा मजेदार तर्क ऐकवला. तेथे आधी 'आदित्य' होता, २०१८ मध्ये 'प्रत्युष' आला, २०२४ मध्ये 'अर्क'. नॉयडाच्या केंद्रात 'भास्कर', 'मिहीर' आणि आता 'अरुणिका'. तो सूर्यनमस्कार घालणारा मुलगा होता. नमस्कारांच्या बारा नावांत आदित्य नववा, अर्क अकरावा आणि भास्कर बारावा, हे त्याला तोंडपाठ. मधला दहावा सवितृ अजून रिकामा आहे, म्हणून पुढचे यंत्र 'सवितृ' असणार, हे त्याने ठामपणे सांगितले. मी विचारले, बारावा आधीच होऊन गेला आणि अकरावा मागाहून आला, त्याचे काय? आणि प्रत्युष, मिहीर, अरुणिका ही नावे त्या बारांत कोठे आहेत? तो हसला, पण तर्क सोडला नाही. आपल्यापैकी कोणी सोडला असता?

हा विनोद वाटेल, परंतु त्याखाली एक गंभीर गोष्ट आहे. ही यंत्रे ज्या कामासाठी आहेत त्याच्याशी आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध आहे. ऑक्टोबरात छाटणी झाल्यापासून घड उतरेपर्यंत निफाड आणि दिंडोरीचा द्राक्ष-बागायतदार आभाळाकडे पाहत असतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी येतो, मणी भरल्यावर झाला तर ते तडकतात, गारपीट झाली तर बोलायचेच काम नाही. औषध आज मारावे की दोन दिवस थांबावे, हा त्याचा प्रश्न असतो. २०२५ च्या मे महिन्यात 'अर्क'च्या बळावर भारत फोरकास्ट सिस्टीम ही प्रणाली सुरू झाली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. चौकट निम्मी झाली की तेवढ्याच भूभागात चौपट चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीचे गणित वेगळे करावे लागते. यंत्र मोठे लागते ते म्हणून. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे, हा आकडा बहुतेक बातम्यांच्या पहिल्या ओळीत होता. सहा किलोमीटरचा आकडा शोधावा लागत होता. आपल्या वाचकाला कोणता आकडा आधी हवा, हे बातमी लिहिणाऱ्याने नाशिकच्या बाजार समितीत उभे राहून ठरवले असते तर बरे झाले असते.

तीच गोष्ट रुद्रची. २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या तीन रुद्र यंत्रांपैकी एक राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या कामासाठी आहे. त्या केंद्राची महाकाय मीटरतरंग दुर्बीण पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावाजवळ, खोडद येथे आहे. एसटीने पुण्याला जाताना आपण कित्येकदा त्या फाट्यावरून गेलो आहोत. तेथील तीस अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांचा ढीग उपसायला किती यंत्र पुरेल, हा खरा प्रश्न आहे. पुढचे नाव काय असेल, हा नव्हे.

ऑस्बोर्न यांचा धडा, आणि त्याविषयी थोडी शंका

अटकळीचे नुकसान सांगताना अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे नाव हमखास घेतले जाते. या गृहस्थांचा आपल्या देशाशी जवळचा संबंध होता. १९३९ मध्ये बँकॉकमध्ये जन्मलेल्या ऑस्बोर्न यांचे बालपण तिरुवण्णामलई येथे गेले, कारण त्यांचे वडील रमण महर्षींचे अनुयायी होते. आयुष्याच्या अखेरीस ते कोडाईकनालला परतले आणि २००३ मध्ये तेथेच वारले. आरंभी ते संगणकविषयक लेखक आणि प्रकाशक होते, आणि कंपन्यांवर परखड लिहीत. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःच यंत्र काढले : अकरा किलो वजनाचा, उचलून नेता येणारा ऑस्बोर्न एक, किंमत १,७९५ डॉलर. तो तडाखेबंद खपला. १९८३ मध्ये त्यांनी पुढच्या 'एक्झिक्युटिव्ह' मॉडेलविषयी आधीच बोलून टाकले. त्यामुळे विक्रेत्यांनी जुन्याची मागणी थांबवली, नवे वेळेत हाती आले नाही, आणि त्याच सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, अशी कथा सांगतात. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या प्रकाराला त्यांचेच नाव पडले आहे.

ही कथा फार सोयीची आहे आणि म्हणूनच तिच्याकडे थोडे संशयाने पाहावे असे मला वाटते. १९८२ मध्ये केप्रो कंपनीने त्याच किमतीत नऊ इंची पडद्याचे यंत्र आणले होते, तर ऑस्बोर्नचा पडदा पाच इंचांचा होता. १९८३ मध्ये कॉम्पॅकचे आयबीएमशी सुसंगत असे उचलते यंत्रही बाजारात आले. ग्राहक नव्याची वाट पाहत थांबला होता की दुसऱ्याच्या दुकानात गेला होता? दोन्ही घडले असणार. परंतु एका बडबड्या मालकाच्या तोंडावर सगळा दोष टाकला की हिशेबातील आणि उत्पादनातील चुका झाकल्या जातात. अभ्यासकांनी या आख्यायिकेवर घेतलेले आक्षेप मला सयुक्तिक वाटतात.

तरीही त्यातील एक गाभा टिकतो. पुढच्या मॉडेलविषयीचे विधान हे केवळ भविष्याचे वर्णन राहत नाही, ते वर्तमान बदलते. पर्वकाळाची तारीख जाहीर केल्याने गुरूची गती बदलत नाही. मॉडेलची तारीख जाहीर केल्याने, किंवा तिची नुसती कुजबूज झाल्यानेही, ग्राहक खिशातला हात बाहेर काढतो. याचे उलट टोकही आहे. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी एका चकतीवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असा अंदाज मांडला आणि १९७५ मध्ये तो दोन वर्षांवर आणला. पुढे सगळ्या उद्योगाने तो अंदाज वेळापत्रक म्हणून स्वीकारला. ठरलेल्या तारखेला मागे पडू नये म्हणून कारखाने धावू लागले, आणि भाकीत बरीच वर्षे खरे ठरत राहिले. बोलणारा करणाराही असेल तर अटकळीची योजना होते. आपण, म्हणजे विकत घेणारे, यांपैकी कोणीच नसतो. आपल्या अटकळीने कोणताही कारखाना हलत नाही. हलते ती फक्त आपली खरेदी.

अटकळीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. १९९० च्या दशकात आपल्या भागातील कितीतरी तरुणांनी संगणकाला हात लावण्याआधी त्याची परिमाणे पाठ केली होती. महिन्याच्या मासिकातील तक्ते वाचून ते दोन प्रोसेसरांची तुलना करीत, आणि त्यांतील काहींनी पुढे तोच व्यवसाय केला. ज्याच्या हाती यंत्र नाही त्याच्यासाठी यंत्राविषयीचा तर्क हाच त्या जगात शिरण्याचा दरवाजा असतो. त्या उत्साहाची टिंगल मी करणार नाही. माझा आक्षेप तो उत्साह संस्थेच्या निर्णयाचा आधार होतो तेव्हा सुरू होतो.

खरेदी समितीच्या टेबलावर

एका महाविद्यालयाच्या संगणक खरेदी समितीवर मी काही वर्षे काम केले. २००६ मध्ये प्रयोगशाळेसाठी अनुदान मंजूर होते, दरपत्रके आली होती, तुलनात्मक तक्ता तयार होता. त्या वर्षी नवा प्रोसेसर येणार आणि पाठोपाठ नवी कार्यप्रणालीही येणार, अशी हवा होती. बैठकीत कोणीतरी म्हणाले, आता जुने घेऊन काय करायचे? दुसऱ्याने सांगितले की विक्रेताही थांबा म्हणतो आहे. मीही मान डोलावली, हे येथे नोंदवले पाहिजे. दरपत्रकांची मुदत संपली. पुन्हा मागवली तोवर प्रोसेसर आला होता, पण कार्यप्रणाली आली नव्हती. ती आली तेव्हा मार्चअखेर तोंडावर होती आणि उपयोगिता प्रमाणपत्राची घाई. यंत्रे घाईने आली, आणि आमचे अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर नव्या कार्यप्रणालीवर नीट चालेना म्हणून तिच्या जागी जुनीच बसवली. म्हणजे ज्यासाठी थांबलो, तेच पुसून टाकले.

दरम्यान तृतीय वर्षाची एक तुकडी चार-चार जण एका यंत्रासमोर बसून प्रात्यक्षिके उरकीत होती. एक जण टंकन करी, तिघे वहीत उतरवून घेत. त्यांतील एक मुलगी चांदवडजवळच्या खेड्यातून रोज पहिल्या गाडीने येत असे. तिला घरी संगणक नव्हता. तिने मला एकदा विचारले, "सर, नवीन मशीन कधी येणार?" मी तिला पुढचा प्रोसेसर किती वेगवान असेल ते उत्साहाने समजावून सांगितले. तिचा प्रश्न तो नव्हता हे मला त्या वेळी कळले नाही. तिला यंत्र कोणतेही चालले असते.

या अनुभवावरून मी जो पर्याय सुचवतो तो अगदी साधा आहे, आणि त्यात पुढच्या मॉडेलविषयी अजिबात मौन पाळावे असे नाही. समितीच्या तक्त्यात मॉडेलच्या नावाआधी तीन गोष्टींचे रकाने असावेत : या सत्रात कोणते काम करावयाचे आहे, ते काम आज मिळणाऱ्या यंत्रावर होते की नाही, आणि थांबल्यास कोणत्या वर्गाचे किती तास बुडतात. तिसरा रकाना आमच्याकडे नव्हता. तो असता तर त्यात भरावयाचा आकडा विक्रेत्याकडून नव्हे, वेळापत्रकावरून काढावा लागला असता, आणि तो आकडा पाहून बैठकीतला सूर बदलला असता असे मला अजूनही वाटते. थांबण्याला कधीच आधार नसतो असे नाही. निर्मात्याने लेखी तारीख दिली असेल, हातातले यंत्र हवे ते काम करूच शकत नसेल, आणि दरम्यानचे काम भागवण्याची सोय असेल, तर थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. आमच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही अट पूर्ण होत नव्हती.

त्या बैठकांचे इतिवृत्त मी हा लेख लिहिण्यापूर्वी पुन्हा काढून वाचले. चार पाने आहेत. उपस्थितांच्या सह्या आहेत, त्यांत माझीही आहे. स्थगितीच्या कारणापुढे तीनच शब्द लिहिलेले आहेत : 'नवीन मॉडेल अपेक्षित'. कोणाला अपेक्षित, कशावरून अपेक्षित आणि केव्हापर्यंत, याविषयी त्या चार पानांत एक ओळही नाही.